दूरच्या संगणकावर जॉब टाकायचाय: साधं एसएसएच, स्लर्म, पीबीएस की एचटीकाँडोर?

लॅपटॉपवर प्रोग्रॅम नीट चालतो, उत्तरही बरोबर येतं, पण एक रन रात्रभर चालतो आणि तसे हजार रन हवे असतात. संशोधन करणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ येतेच. मग कुणी सांगतं लॅबचा सर्व्हर रिकामा आहे, गाइड म्हणतात क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, अकाउंट मिळेल, आणि विद्यार्थी विचारतो, ‘कुठल्या कमांड शिकू?’ कमांड नंतर शिकता येतात. आधी आपल्या कामाची जात ओळखा. शंभर प्रोसेसर एकमेकांशी सतत बोलत एकच मोठं गणित सोडवणार आहेत, की एकमेकांशी काहीही संबंध नसलेली हजार छोटी गणितं आहेत? निवड करताना सगळ्यात जास्त वजन याच प्रश्नाला द्या. यंत्र किती टेराफ्लॉप्सचं, म्हणजे किती वेगवान आहे, याला त्यामानाने कमी.

लॅबच्या सर्व्हरचं आधी उरकून घेऊ. एसएसएच या दूरच्या संगणकावर लॉगिन करून देणाऱ्या कमांडने आत शिरायचं, टीमक्स (आपण बाहेर पडलो तरी चालू राहणारं टर्मिनल) उघडायचं, रन लावायचा, टीमक्समधून बाहेर पडून लॅपटॉप मिटायचा. नोहप या कमांडनेही रन चालू राहतो, पण टीमक्समध्ये दुसऱ्या दिवशी परत येऊन तोच स्क्रीन पुढे उघडता येतो, म्हणून मी तेच सुचवेन. चार-सहा रन असतील आणि लॅबमध्ये जीपीयू मोकळा असेल, तर यापलीकडे काही लागत नाही. अडचण दुसरा माणूस आला की सुरू होते. रांग नसल्यामुळे दोघांचे रन एकाच वेळी मेमरीवर तुटून पडतात, दोन्ही रखडतात, आणि एखादा मध्येच मारला जातो. कामांची, म्हणजे जॉबची, रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला शेड्युलर म्हणतात; स्लर्म, पीबीएस आणि एचटीकाँडोर हे तसेच प्रोग्रॅम. स्लर्म एकाच मशीनवरही बसवता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिघा-चौघांत एक सर्व्हर असेल तर तेवढी मेहनत जरूर घ्यावी.

आता स्लर्म. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत 2002 च्या सुमारास सुरू झालेलं हे काम आज जगातल्या मोठमोठ्या यंत्रांवर दिसतं. आपल्याकडे राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधल्या परम यंत्रांवर, म्हणजे पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या ठिकाणी अकाउंट मिळालं, तर गाठ स्लर्मशीच पडते. नेहमीची शेल स्क्रिप्ट लिहायची, वर हॅश-एसबॅचने सुरू होणाऱ्या ओळींत किती नोड (क्लस्टरमधले संगणक), किती मेमरी, किती वेळ हे मांडायचं आणि एसबॅच कमांडने ती रांगेत टाकायची. शेलच्या दृष्टीने त्या ओळी निव्वळ कॉमेंट, स्लर्मच्या दृष्टीने मागणीपत्र. एक बारकावा मात्र डोळ्यांसमोर असू द्या: स्क्रिप्टमधली पहिली खरी कमांड आली की त्यापुढच्या हॅश-एसबॅच ओळी स्लर्म वाचतच नाही, आणि तसं सांगतही नाही. वर मॉड्यूल (लागणारं सॉफ्टवेअर) लोड करून त्याखाली वेळेची ओळ लिहिली, तर तुमचे दहा तास हवेत जातात आणि त्या पार्टिशनची, म्हणजे नोडच्या त्या गटाची, ठरलेली मर्यादा लागू होते. जॉब मध्येच मरतो. स्क्रिप्ट उघडून पाहावं तर ओळ समोर दिसतेय, त्यामुळे कारण सापडायला फार वेळ जातो.

वेळ किती मागायचा यावर थोडं थांबतो, कारण ‘आमच्याकडे रांग फार’ या तक्रारीचं एक मोठं कारण इथे असतं. समजा, चाळीस नोडचा एक मोठा जॉब रांगेत पुढे आहे आणि त्याच्यासाठी नोड हळूहळू मोकळे होतायत. तो पाच तासांनी सुरू होणार असेल, तर तोवर रिकाम्या पडलेल्या नोडवर शेड्युलर मागचा छोटा जॉब बसवून टाकतो, पण तो पाच तासांच्या आत संपणार अशी खात्री असेल तरच. ही खात्री त्याला तुम्ही मागितलेल्या वेळेवरूनच मिळते. दोन तासांच्या कामाला तीन तास मागितले तर तुम्ही त्या फटीत बसता. ‘असू देत’ म्हणून चार दिवस मागितले तर बसत नाही. एसक्यू कमांडला स्टार्ट हा पर्याय दिला की जॉब सुरू व्हायची अंदाजे वेळ कळते. कारणाच्या रकान्यात ‘रिसोर्सेस’ दिसलं तर नोड मोकळे व्हायची वाट आहे, ‘प्रायॉरिटी’ दिसलं तर दुसरे जॉब तुमच्या पुढे आहेत. वेळ संपली की जॉबला आधी थांबायचा इशारा मिळतो आणि सर्वसाधारण सेटिंगमध्ये 30 सेकंदांनी तो मारला जातो. म्हणून लांबच्या रनने मधूनमधून आपली स्थिती फाइलमध्ये लिहून ठेवलीच पाहिजे.

हजार छोट्या कामांसाठी स्लर्ममध्ये जॉब अ‍ॅरे आहे: एकच स्क्रिप्ट, प्रत्येक कामाला वेगळा क्रमांक, आणि एका वेळी पन्नासच चालू द्या अशी मर्यादाही घालता येते. सोय चांगली आहे. पण अ‍ॅरेतलं प्रत्येक काम शेड्युलरच्या लेखी पूर्ण जॉब असतो. वीस-वीस सेकंदांची कामं अशी टाकली तर कामापेक्षा त्याची उस्तवार जास्त होते. शंभर-शंभरचे गठ्ठे करून टाका.

पीबीएसबद्दल थोडक्यात. नासाच्या एम्स केंद्रात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे घडलं. आज त्याचे पीबीएस प्रोफेशनल, ओपनपीबीएस आणि टॉर्क असे अवतार भेटतात. क्यूसब, क्यूस्टॅट, क्यूडेल या तीन कमांडवर रोजचं काम भागतं. स्लर्म येत असेल तर दुपारभरात जमून जातं. मात्र पीबीएसचा जॉब होम डिरेक्टरीत सुरू होतो. स्लर्मचा तुम्ही जिथून टाकला तिथेच. त्यामुळे पीबीएसच्या स्क्रिप्टमध्ये आधी आपल्या फोल्डरमध्ये जाण्याची ओळ लागते. ती नसली की ‘फाइल सापडली नाही’ हे उत्तर ठरलेलं. शिवाय अ‍ॅरेतल्या क्रमांकाच्या व्हेरिएबलचं नाव पीबीएस प्रोफेशनलमध्ये वेगळं आणि टॉर्कमध्ये वेगळं. मित्राची स्क्रिप्ट उचलण्याआधी त्याचं पीबीएस कुठलं, ते विचारा. बाकी, पीबीएस आहे म्हणून एखादं यंत्र घेऊ किंवा सोडू नये.

एचटीकाँडोर मात्र मुळातूनच वेगळं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात 1988 मध्ये ते जन्मलं ते एका साध्या विचारातून: रात्री रिकाम्या पडलेल्या संगणकांवर काम का करू नये? तो स्वभाव आजही कायम आहे. यंत्र दुसऱ्याचं आहे, ते कधीही परत मागितलं जाईल, आणि आपली डिस्क तिथे नसेल, असं गृहीत धरूनच ते चालतं. म्हणून सबमिट फाइलमध्ये प्रोग्रॅम कुठला, मेमरी किती, सोबत कुठल्या फाइल न्यायच्या हे लिहायचं आणि शेवटी क्यू ही ओळ. त्या ओळीला मजकुराची एक फाइल जोडून दिली की तिच्यातल्या प्रत्येक ओळीचा एक जॉब होतो. हजार पॅरामीटरची यादी हाताशी असेल तर याहून सरळ मार्ग मला माहीत नाही.

मला त्याचा खरा आवडलेला गुण म्हणजे बिघडलेला जॉब हरवत नाही. इनपुट फाइल मिळाली नाही, तर जॉब ‘होल्ड’वर जातो आणि कारण लिहून ठेवतो. ते दुरुस्त करून काँडोर-रिलीज म्हटलं की तो पुन्हा रांगेत. जॉब सुरूच होत नसेल तर काँडोर-क्यूला बेटर-अ‍ॅनलाइझ हा पर्याय द्या, तुमच्या कुठल्या अटीत किती मशीन बसतायत ते उलगडून दाखवतो. जॉब संपल्यावर लॉगमध्ये किती मेमरी मागितली, किती मिळाली, किती वापरली याचा छोटा तक्ता येतो. पुढच्या वेळी किती मागायची ते त्यावरून ठरवा. एकामागून एक होणाऱ्या कामांची साखळी असेल तर सोबत डॅगमॅन आहे. साखळी मध्येच तुटली तर झालेली कामं सोडून उरलेलीच पुन्हा चालवतो. स्लर्ममध्येही एका जॉबवर दुसरा अवलंबून ठेवता येतो, पण शेकडो कामांचं जाळं हाताने सांभाळणं जिकिरीचं होतं.

किंमतही आहे. मशीन काढून घेतलं गेलं तर जॉब दुसरीकडे पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून तास-दोन तासांची कामं उत्तम, तीन दिवसांचं अखंड काम नको. आणि अनेक नोडवर एमपीआयने, म्हणजे एकमेकांशी सतत बोलत, चालणारं गणित इथे आणूच नये. तशी तरतूद आहे, पण ती त्याची ताकद नव्हे. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेचे बॅच जॉब आणि लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं डेटा विश्लेषण एचटीकाँडोरवर चालतं, कारण तिथे एकमेकांपासून सुटी अशी असंख्य कामं असतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाकडे ज्या विद्यार्थ्याचे डोळे लागलेत, त्याने ते आत्तापासूनच शिकावं.

म्हणून माझा कौल असा. मॉलिक्युलर डायनॅमिक्स, हवामानाचं मॉडेल, द्रवगतीशास्त्र असेल तर स्लर्म किंवा पीबीएस, संस्थेत जे असेल ते. माँटे कार्लो, पॅरामीटर स्कॅन, हजारो प्रतिमांवरची प्रक्रिया असेल आणि एचटीकाँडोर मिळत असेल तर तेच घ्या. मिळत नसेल तर स्लर्मचा अ‍ॅरे. एका गोष्टीपुढे मात्र हा कौल बाजूला ठेवावा: डेटा. दोन टेराबाइट डेटा एका संस्थेच्या डिस्कवर असेल तर जॉब तिथेच न्या, मग शेड्युलर कुठलाही असो.

लॅपटॉपवरूनच जॉब टाकायचा असेल तर एसएसएचच्या ओळीतच पुढे एसबॅच किंवा क्यूसब लिहून भागतं. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये कंट्रोलमास्टर लावून ठेवलं तर पासवर्ड आणि ओटीपी एकदाच द्यावा लागतो. फाइल पाठवायला आरसिंक. लॉगिन नोडवर, म्हणजे एसएसएचने आत शिरल्यावर जिथे पोचता तिथे, गणित चालवू नका, तिथे सगळ्यांचंच काम अडतं.

अकाउंटचा अर्ज भरण्याआधी अ‍ॅडमिनना चार गोष्टी विचारून घ्या: एका जॉबला जास्तीत जास्त वेळ किती, एका माणसाला एका वेळी किती कोर, जॉब जिथे चालतो त्या नोडवरून इंटरनेट मिळतं का, आणि स्क्रॅच, म्हणजे तात्पुरत्या वापराच्या, डिस्कवरच्या फाइल किती दिवसांनी पुसल्या जातात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निकाल घरी आणणारी आरसिंकची ओळ त्याच दिवशी लिहून ठेवा.