पाच मजली स्ट्रॉबेरी टॉवर : सहा महिन्यांचा अनुभव

परवा टॉवरची, म्हणजे एकावर एक रचलेल्या पाच कुंड्यांमधली, सगळ्यात खालची कुंडी वरच्या चार ओल्या मजल्यांच्या वजनाने उभी तडकली. विक्रेत्याने वॉरंटी तीनच महिन्यांची म्हणून हात वर केले. मग आता सगळंच लिहिते.

साडेआठशे रुपये, पाच कुंड्या, प्रत्येकीला तीन कप्पे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वाईच्या रोपवाटिकेतून विंटर डॉन या स्ट्रॉबेरीच्या वाणाची पंधरा रोपं आणली. (बियांच्या पाकिटांच्या नादी लागू नका. रनरपासून (झाडाला फुटणाऱ्या, जमिनीवर पसरणाऱ्या लांब फांदीपासून) केलेलीच रोपं घ्या, बियांतून वाण तसाच्या तसा उतरत नाही.)

माझा मुख्य राग पाण्यावर. ‘वर ओता, खालपर्यंत पोचतं’ असं सांगून विकतात. पोचतं, पण वरचा मजला दुपारी कोरडा ठणठणीत आणि तळाशी कायम चिखल! स्ट्रॉबेरीची पानं जिथून फुटतात तो क्राउन मातीच्या बरोबरीने राहायला हवा. गाडला आणि ओला राहिला की कुजतो. डिसेंबरात तळाची तिन्ही रोपं अशीच गेली. नवी लावली, तर त्यांच्या पानांच्या कडा करपल्या. रोज सकाळी त्या कडा बघून जीव तुटायचा.

जानेवारीत मात्र मला माझं मत बदलावं लागलं. कडा करपत होत्या बोअरच्या पाण्याने. या झाडाला क्षार अजिबात सोसत नाहीत, आणि वरच्या चार मजल्यांतले क्षार व खत धुऊन तळाशीच साचत होतं. महापालिकेचं पाणी द्यायला लागले, तेही प्रत्येक मजल्याला वेगळं. नवी पानं स्वच्छ आली. म्हणजे करपण्याचा दोष माझ्या पाण्याचा, पण ते सगळं तळाशी नेऊन साठवण्याचा दोष टॉवरचाच.

फळं सुरुवातीला वेडीवाकडी येत होती. आई म्हणाली, रोग पडलाय. रोग नव्हता. फळावरच्या ज्या दाण्यांचं परागीभवन होत नाही, तिथला गर फुगत नाही, आणि नवव्या मजल्यावरच्या आमच्या गच्चीत मधमाशी क्वचितच येते. रोज दहाच्या सुमारास मऊ ब्रशने प्रत्येक फूल गोल फिरवून कुरवाळलं. महिन्याभराने जी फळं आली, ती टोकापर्यंत भरलेली! देठाजवळचा पांढरेपणा जाईपर्यंत तोडू नका, तोडल्यावर गोडी वाढत नाही. पूर्ण पिकलेलं फळ झाडावरून थेट तोंडात टाकल्यावर आई डोळे मिटून गप्प बसली होती.

वहीत मांडलेलं एकूण वजन एक किलो नऊशे ग्रॅम. रोपं, कोकोपीट आणि जाळी धरली तर महाबळेश्वरहून पेटी आणणं कितीतरी स्वस्त. तरी झाडं पुन्हा लावीन. टॉवर नाही घेणार. त्याच पैशांत साध्या कुंड्या येतात, ज्यांचं पाणी आपापल्या भोकातून निघून जातं.

सध्या चार कुंड्या विटांवर ओळीने मांडल्यात, दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी बांधलीय, रनर छोट्या पिशव्यांत रुजवतेय. तडकलेलीला एम-सील लावलंय. पावसाळा निघाला तर कळवते.