पीजी विभागाच्या जुन्या फायलींसाठी स्कॅनस्नॅप आयएक्स१६००

एमडी-एमएस झालेल्या रेसिडेंटची (पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरची) फाईल पास झाल्यावर संपत नाही. काही वर्षांनी परदेशातल्या मेडिकल कौन्सिलकडून पडताळणीचं पत्र येतं. प्रशिक्षण कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत झालं, हे सहीशिक्क्यानिशी कळवावं लागतं. तोवर विभागप्रमुख आणि क्लार्क दोघेही बदललेले असू शकतात. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनी ई-लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची ऑनलाइन नोंदवही, आणलं, दर आठवड्याला भरायचं आणि गाइडने महिन्याला तपासायचं. पण त्याआधीच्या बॅचचं सगळं कागदावरच आहे.

हे जुने कागद स्कॅन करून ठेवायला स्कॅनस्नॅप आयएक्स१६०० हा स्कॅनर चांगला आहे. ट्रेमध्ये ५० कागद बसतात आणि मिनिटाला ४० कागद दोन्ही बाजूंनी निघतात. त्यामुळे खरा वेळ जातो तो पिना काढण्यात आणि दुमडलेले कोपरे सरळ करण्यात. पिन राहिली तर काच आणि रोलर खरवडतात. चिकटवलेला फोटो किंवा स्टॅम्प असला की दोन कागद एकदम गेले असं समजून मशीन थांबतं. असे कागद वेगळे काढून एकेक घाला.

सेटिंगकडे मात्र नीट लक्ष द्या. ३०० डीपीआय (स्कॅनची बारकाई, दर इंचाला किती ठिपके) आणि रंगीत ठेवा. काळ्या-पांढऱ्यात जांभळा शिक्का आणि निळी सही पुसट होते, आणि पडताळणीत नेमकं तेच बघतात. ६०० डीपीआयने वेग घटतो आणि फाईल फुगते, हाती विशेष काही लागत नाही. कोरी पानं आपोआप गाळण्याची सोय बंद करा, कारण मागच्या बाजूची फिकट पेन्सिलीची नोंद किंवा आवक क्रमांक त्यात जाऊ शकतो.

हस्ताक्षर शोधता येत नाही, म्हणून सगळी भिस्त फाईलच्या नावावर. प्रवेशवर्ष, विषय, नोंदणी क्रमांक, कागदाचा प्रकार, तारीख, हाच क्रम सगळीकडे ठेवा. रुजू झाल्याचा आदेश, रोटेशनचा गोषवारा, अंतिम मूल्यमापन आणि जिल्हा रेसिडेन्सीचं (जिल्हा रुग्णालयातल्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र कायम जपायच्या फोल्डरमध्ये. रजेचे अर्ज आणि ड्युटीचे तक्ते वेगळे, म्हणजे मुदत संपल्यावर ते बिनधास्त काढता येतात. लॉगबुकातली रुग्णांची नावं आणि आयपीडी (दाखल रुग्णाचा) क्रमांक स्कॅन केलेल्या प्रतीवर झाका, मूळ कागदावर नव्हे.

बांधलेला थिसिस आणि शिवलेलं लॉगबुक याला चालत नाही. पानं फाडून घालण्याचा मोह टाळा, त्यासाठी फ्लॅटबेडच हवा, म्हणजे काचेवर पान ठेवून स्कॅन करणारा.

घेण्याआधी एक गोष्ट तपासा. हा स्कॅनर ट्वेनवर (इतर सॉफ्टवेअरला स्कॅनर थेट जोडायच्या नेहमीच्या पद्धतीवर) चालत नाही, स्वतःच्याच सॉफ्टवेअरवर चालतो. कॉलेजची प्रणाली थेट स्कॅनरमधून कागद ओढत असेल, तर आधी पीडीएफ करून मग अपलोड करावं लागेल. रोलर दोन लाख कागदांनी किंवा वर्षाने बदलायचे असतात, तो खर्च पहिल्याच मागणीपत्रात घाला.