दंडासाठी घरात काय आणावं: प्रीचर बेंच, ईझेड बार, पुली की बँड?

घरच्या जिमसाठी दंडाचं म्हणून मी पहिल्यांदा घेतला तो प्रीचर बेंच (दंड टेकवायची उतरती गादी असलेली बैठक), आणि घराबाहेर सगळ्यांत आधी गेला तोही तोच. बेंचमध्ये खोट नव्हती, माझा हिशेब चुकला होता. खोलीचा एक कोपरा कायमचा अडवून तो एकच व्यायाम देत होता, आणि तो व्यायाम घरातल्या साध्या बाकावरही जमतो हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा ही तुलना एकदा पोळलेल्या माणसाने केलेली आहे, हे लक्षात ठेवूनच वाचा.

वजन कमीजास्त करता येणारी डंबेलची जोडी आणि पाठ वरखाली होणारा बाक तुमच्याकडे आहे, असं मी धरून चालतोय. नसेल तर आधी ते घ्या. दंडाचं खास सामान नंतर बघू.

खास म्हणून जे काही विकलं जातं त्याला मी एकच प्रश्न विचारतो: डंबेलला जे जमत नाही ते तुला जमतं का? प्रामाणिक उत्तरं तीनच मिळतात. काही उपकरणं ओढीची दिशा बदलतात, म्हणजे चाकावरून दोरीने वजन ओढायची पुली आणि ताणायचे रबरी बँड. काही अंगाचा झोका थांबवतात, म्हणजे प्रीचर बेंच आणि आर्म ब्लास्टर. काही फक्त पकड बदलतात, म्हणजे नागमोडी ईझेड बार आणि जाड ग्रिप. माझं मत सरळ आहे: दिशा बदलणाऱ्याला पैसे द्यावेत, झोका थांबवायचं काम भिंतीकडून नाहीतर बाकाकडून फुकटात करून घ्यावं, आणि पकडीचा विचार मनगट कुरकुरायला लागलं तरच करावा.

प्रीचर बेंच की घरातलाच बाक

या बेंचला स्कॉट बेंच असंही म्हणतात. 1965 आणि 1966 अशी पहिली दोन वर्षं शरीरसौष्ठवाची मिस्टर ऑलिंपिया स्पर्धा जिंकलेला लॅरी स्कॉट नॉर्थ हॉलिवूडमध्ये व्हिन्स जिरोंडाच्या जिममध्ये यावर बेटकुळ्या घडवायचा, म्हणून ते नाव पडलं. स्कॉटचे दंड होतेच तसे, त्यामुळे बेंचची कीर्ती पसरली यात नवल नाही.

बेंच काय करतो ते नीट समजून घेतलं तर निर्णय सोपा होतो. डंबेल नेहमी सरळ खालीच ओढतं. कोपरापासून पुढचा हात जमिनीला समांतर असतो तेव्हा ताण सर्वाधिक, आणि हात उभा झाला की जवळजवळ शून्य. उभ्याने कर्ल करताना, म्हणजे कोपर वाकवून वजन वर आणताना, हा कठीण टप्पा मधोमध, कोपर काटकोनात असताना येतो. प्रीचरच्या उतारावर दंड पुढे टेकलेला असतो, त्यामुळे तोच टप्पा हात बराचसा उघडा असतानाच गाठला जातो. वर पोचलात की वजन हाडांवर उभं राहतं आणि बायसेप्सला (बेटकुळीच्या स्नायूला) सुट्टी मिळते. म्हणजे स्नायू ताणलेला असताना जास्त काम आणि आखडलेला असताना कमी. स्नायू वाढवायला हे चांगलंच आहे, फक्त तळाशी सांभाळावं लागतं.

किती सांभाळावं, त्याचा अंदाज घ्या. 10 किलोचं डंबेल कोपरापासून साधारण 33 सेंटिमीटरवर असतं आणि बायसेप्सचा कंडरा कोपरापासून जेमतेम 4-5 सेंटिमीटरवर हाडाला चिकटलेला. या तरफेमुळे हात आडवा असताना स्नायूंना वजनाच्या सातेक पट, म्हणजे 70 किलोच्या आसपास ओढ लावावी लागते. शेवटच्या रेपला (वजन एकदा वरखाली केलं की एक रेप) हात धाडकन सोडून दिला तर तो धक्का थेट त्या कंडऱ्यावर बसतो. बायसेप्सचा कंडरा कोपराशी तुटण्याचे प्रकार बहुतेकदा असेच होतात: स्नायू जोर लावत असताना वजन हाताला जबरदस्तीने उघडतं. प्रीचरवर वजनाची शेखी मिरवू नये ती यासाठी.

बेंच घेणारच असाल तर बैठकीची उंची बदलते का, हे आधी बघा. माझ्या बेंचची बदलत नव्हती. मी बसलो की बरोबर. बहीण बसली की गादीची कड तिच्या गळ्याशी. "दादा, माझी काख यावर पोचतच नाही," म्हणाली, आणि खरंच होतं. काख गादीच्या वरच्या कडेवर अलगद बसायला हवी. ती बसली नाही की खांदे कानापर्यंत चढतात आणि कोपर गादीवरून उचलायला लागतं.

आता जुगाड. बाकाची पाठ साधारण 60 अंशांवर उभी करा, बाकाच्या मागे उभे राहा, काख पाठीच्या वरच्या कडेवर ठेवा आणि एका हाताने कर्ल करा. झाला प्रीचर. हात एकेक करून घ्यावा लागतो, वेळ दुप्पट जातो, बाक हलका असेल तर पुढे सरकतो म्हणून त्याचे पाय भिंतीला टेकवावे लागतात. एवढी गैरसोय मला आख्ख्या बेंचच्या जागेपेक्षा परवडली.

आर्म ब्लास्टर म्हणजे गळ्यात पट्टा अडकवून पोटासमोर धरायची वाकवलेली पत्र्याची पट्टी. कोपरं तिच्यात टेकली की मागे-पुढे होत नाहीत. 1970च्या दशकातल्या श्वार्झनेगरच्या फोटोंमुळे तिला वलय आहे. वापरलीय, काम करते, आणि वजन वाढलं की पट्टा मानेला काचतो. त्याऐवजी भिंतीला पाठ आणि डोकं टेकवा, टाचा वीतभर पुढे घ्या, कोपरं बरगड्यांना चिकटवा. पहिल्याच सेटला (सलग रेपच्या एका फेरीला) कळेल की आजवर कंबरेने किती वजन उचलत होतात. माझं तर 15 किलोवरून थेट 10वर आलं होतं.

ईझेड बार की सरळ बार की डंबेल

नागमोडी बार मनगटासाठी आहे, बेटकुळीसाठी नाही. सरळ बार उलट्या पकडीत धरला की तळवे पूर्ण वर वळतात, आणि ज्यांचे हात कोपरापाशी थोडे बाहेर झुकलेले असतात त्यांच्या मनगटाला ते सोसत नाही. ईझेडवर हात अर्धवट वळलेले राहतात. त्याच्या बदल्यात थोडं काही जातंही, कारण तळवा वर वळवणं हे बायसेप्सचं स्वतःचं काम आहे. डंबेलमध्ये मनगट मोकळं असल्यामुळे दोन्ही साधतं.

मग ईझेड घ्यावा का? दोन कारणांसाठी घ्यावा. एक, आडवं पडून ट्रायसेप्सचे (दंडाच्या मागच्या स्नायूचे) एक्स्टेन्शन, म्हणजे कोपर सरळ करायचा व्यायाम, करायला त्याच्याइतका सुटसुटीत बार नाही. दुसरं कारण कुणी फारसं सांगत नाही, ते म्हणजे वजन वाढवण्याची पायरी. एका हातातलं डंबेल 10वरून 12.5 किलोवर नेलं की ती एकदम 25 टक्क्यांची उडी असते, आणि दंडासारख्या छोट्या स्नायूला ती झेपत नाही. महिनाभर तिथेच अडकायला होतं. बारला दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या किलोची प्लेट लावली तर 20चे 21 होतात, फक्त 5 टक्के. तुमची डंबेल अर्ध्या किलोने वाढत असतील तर हे कारण बाद.

घेताना बारच्या टोकाची जाडी आणि प्लेटचं भोक जुळतंय का ते मोजा. ऑलिंपिक प्लेटचं भोक 50 मिलिमीटरचं, साध्या प्लेटचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि प्लेट लावायची बाही फिरती आहे का तेही पाहा. फिरत नसेल तर कर्लच्या वेळी प्लेट स्वतःच्या जडपणाने मनगट पिळतात.

पुली: इथे पैसे घालावेत

लोक दंड म्हटलं की बेटकुळीच बघतात. दंडाचा मोठा वाटा मात्र मागच्या ट्रायसेप्सचा असतो. त्याचे तीन भाग. त्यातला लांब भाग थेट खांद्याच्या पात्यापासून निघतो, म्हणून हात डोक्यावर नेल्याशिवाय तो पूर्ण ताणला जात नाही. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात 21 जणांनी 12 आठवडे केबलवर एका हाताने डोक्यावरचं एक्स्टेन्शन केलं आणि दुसऱ्या हाताने तेच हात खाली ठेवून. डोक्यावर वजन कमी वापरूनही ट्रायसेप्सची वाढ सुमारे 1.4 पट झाली. डोक्यामागे डंबेल धरूनही हे करता येतं, पण वजन वाढलं की ते तिथवर न्यायचं कसं आणि संपल्यावर उतरवायचं कसं, हा वेगळाच व्यायाम होऊन बसतो. पुलीला पाठ करून एक पाय पुढे टाका, दोरी डोक्यामागून धरा. हात थकले तर सोडून द्यायची सोय आहे. तीच पुली खाली ढकलायच्या पुशडाउनला, एका हाताच्या एक्स्टेन्शनला आणि शिवाय पाठीलाही चालते.

यात दोन प्रकार. एक म्हणजे वर टांगायची साधी पुली: चाक, दोरी, प्लेट अडकवायची पिन. दुसरा म्हणजे उभा खांब आणि वरखाली सरकणारी पुली. साध्या पुलीचा तोटा असा की ओढ कायम वरूनच मिळते, त्यामुळे बायसेप्सच्या कर्लला ती निरुपयोगी. जमिनीलगत आणखी एक चाक बसवलं तरच जमतं. प्लेट लंबकासारख्या डुलतात आणि नडगीवर आपटतात. पहिला महिना माझ्या डाव्या नडगीवर निळा डाग कायम होता. मग पहिले दोन रेप सावकाश घ्यायची सवय लागली आणि डाग गेला.

टांगायचं कुठे, हा खरा प्रश्न. मजबूत रॅक (बार ठेवायचा लोखंडी सांगाडा) किंवा छताच्या काँक्रीटमध्ये नीट बसवलेला हूक असेल तर ठीक. दाराच्या चौकटीत नुसत्या दाबाने अडकवलेल्या बारवर पुली लावायची मला हिंमत होत नाही, कारण वजन झटक्याने खाली आलं की तो झटका थेट बारला बसतो. सुट्या खांबाचं दुखणं वेगळं: जमिनीला बोल्टने जखडला नसेल तर पुढे ओढल्यावर तो तुमच्याकडे झुकतो.

पुली बघायला गेलात तर ही एक चाचणी करा. दोरीच्या दोन्ही टोकांना सारखं वजन लावा. मग एका बाजूला थोडं थोडं वाढवत जा. जितक्या कमी वाढीला दोरी सरकेल तितकं चाक चांगलं. बेअरिंग नसलेल्या चाकात घर्षण इतकं असतं की उचलताना वजन जड लागतं आणि सोडताना हलकं, आणि सोडतानाचं काम तर आपल्याला हवं असतं. चाक फार लहानही नको. केबल जास्त वाकते आणि लवकर झिजते. केबलवरचं प्लॅस्टिक टोकाशी तडकलं की ती बदलायची, टेप गुंडाळून भागवायचं नाही.

आणखी एक शब्द कानावर पडेल: दोनास एक. अशा मांडणीत केबल एका फिरत्या चाकातून जाते, आणि 20 किलो लावले तर हाताला 10च लागतात. पाठीच्या व्यायामाला वजन पुरत नाही म्हणून काही जण नाक मुरडतात. दंडासाठी मात्र हे वरदान आहे, कारण 5 किलोची पायरी अडीचची होते.

बँड: पुलीचा गरीब भाऊ?

तितकाही गरीब नाही. हलक्या वजनाने, म्हणजे एका रेपला जेवढं जमेल त्याच्या 30 टक्क्यांनीसुद्धा, सेट थकेपर्यंत नेला तर स्नायूची वाढ जड वजनाइतकीच होते, हे आता बऱ्यापैकी मान्य झालंय. त्यामुळे बँडने दंड वाढत नाहीत, हे म्हणणं खोटं आहे. फरक ओढीच्या चढणीत आहे. बँड सुरुवातीला ढिला आणि शेवटी कडक, म्हणजे प्रीचरच्या बरोबर उलट. स्नायू ताणलेला असताना त्याला काम द्यायचं असेल तर बँडवर दोन पावलं मागे सरून तो आधीच ताणून घ्यावा लागतो. दुसरी अडचण मोजमापाची. आज किती किलो ओढलं याचं उत्तर "निळा बँड, दाराजवळून" एवढंच असतं. मी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून तिच्यावरच उभा राहतो, म्हणजे निदान कालच्याशी तुलना करता येते.

बँड दारात अडकवताना दार अशा बाजूने घ्या की ओढल्यावर ते बंदच होईल, आणि अडकवायची जागा बिजागरीच्या बाजूला ठेवा. दर आठवड्याला बँड ताणून उजेडात धरा; कडेला बारीक चीर दिसली की तो कचऱ्यात. तोंडाकडे येणाऱ्या दिशेने ताणलेला बँड तुटला तर काय होतं, ते अनुभवून बघू नका.

उरलेलं भराभर सांगतो. फक्त कर्लचं किंवा फक्त एक्स्टेन्शनचं मशीन घरात आणू नये. त्यातल्या शंखाकृती चकतीमुळे ताण त्या-त्या टप्प्यातल्या ताकदीनुसार कमीजास्त होतो हे खरं, पण एका सांध्यासाठी पलंगाएवढी जागा जाते. बारवर चढवायचे जाड ग्रिप मनगटाखालच्या हाताला मस्त कामाला लावतात, मात्र त्यांनी बायसेप्स वाढत नाही. पकड आधी सुटते. त्याच कामासाठी काठी, दोरी आणि एक प्लेट घेऊन घरीच केलेला रिस्ट रोलर मला जास्त आवडतो. आणि कोपराच्या आतल्या बाजूला बोट लावलं की दुखत असेल, तर महिनाभर कर्ल कमी करा, नवीन बार शोधू नका.

छताला हूक मारता येत नसेल आणि रॅकही नसेल, तर तुमच्यासाठी बँडच. वर्षभर वापरून मग पुलीचा विचार करा. रॅक असेल तर आजच टेप घेऊन उभे राहा: वरच्या आडव्या पट्टीपासून जमिनीपर्यंत अंतर मोजा, त्यातून पुली, पिन आणि प्लेटची उंची वजा करा. पुशडाउनमध्ये हात छातीपासून मांडीपर्यंत येतो, तेवढंच अंतर प्लेट वर चढतात, म्हणून किमान 60-70 सेंटिमीटर मोकळे उरायला हवेत. माझ्याकडे 50 उरले होते. प्लेट चाकाला जाऊन धडकायच्या.