‘द टू टॉवर्स’: तीन तासांचा बघावा की पावणेचार तासांचा?

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या तीन सिनेमांतला पहिला भाग बघून झालाय, घातकी अंगठी नष्ट करायला फ्रोडो आणि सॅम बाकीच्यांना मागे टाकून शत्रूच्या मुलखाच्या, मॉर्डोरच्या वाटेला लागलेत. आता दुसरा भाग लावायला बसलात की समोर दोन आवृत्त्या येतात. एक 2002 च्या डिसेंबरात थिएटरात लागलेली, 179 मिनिटांची. दुसरी वर्षभराने डीव्हीडीवर आलेली एक्स्टेंडेड. तिच्यात साधारण 44 मिनिटांची भर आहे. (शेवटी चाहत्यांच्या नावांची न संपणारी यादी सरकत राहते, ती या हिशोबात धरलेली नाही. ती सुरू झाली की खुशाल उठा.)

तीन भागांत माझा सगळ्यात लाडका हाच. मधल्या भावंडासारखी याची गत: सुरुवातीचं कौतुक पहिल्याला, शेवटचे अकरा ऑस्कर तिसऱ्याला, याच्या वाट्याला दोनच. पण जादूगार गँडाल्फ आणि आगीचा राक्षस बालरॉग झुंजत झुंजत पाताळात कोसळतात, ती पहिली काही मिनिटं बघा आणि मग सांगा, सीक्वेलची याहून दणदणीत सुरुवात कुठे बघितलीत?

जे खरं सोनं आहे ते दोन्हीकडे आहे. अंगठीच्या मोहाने झुरून गेलेला प्राणी गॉलम दोन्हीकडे आहे. अँडी सर्किसने सेटवर इतर नटांसोबत प्रत्यक्ष काम केलं, त्यावर वेटा डिजिटलच्या लोकांनी ते हडकुळं शरीर आणि चेहरा चढवला. तो रात्री स्वतःशीच भांडतो तो प्रसंग नीट बघा. सुरुवातीला कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो, एकच प्राणी दोन आवाजांत बोलतोय एवढंच दिसतं. मग अचानक कट पडायला लागतात, इकडे गॉलम, तिकडे स्मिगॉल (त्याचंच जुनं, भलं रूप), जणू समोरासमोर बसलेले दोघे. कुठलीही जादू नाही, नुसतं संकलन! वीसेक वर्षं उलटली, त्यानंतर कितीतरी महागडे डिजिटल प्राणी येऊन गेले, पण या प्रसंगाला तोड नाही.

हेल्म्स डीप या किल्ल्यावरची लढाईही दोन्हीकडे आहे. वेलिंग्टनजवळच्या खाणीत किल्ला उभारून महिनोन्महिने रात्रपाळीत, कृत्रिम पावसात हे चित्रण झालं. भिंतीवर मूठभर माणसं, खाली दहा हजार उरुक-हाय (सारुमानचे राक्षसी सैनिक) भाले आपटतायत, आणि एका म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातून बाण सुटतो. खालच्या सैन्याची गर्जना ऐकताना एक गंमत लक्षात ठेवा. 2002 मध्ये वेलिंग्टनच्या स्टेडियमवर न्यूझीलंड-इंग्लंड वनडेच्या मधल्या सुटीत दिग्दर्शक पीटर जॅक्सन स्वतः मैदानात उतरला आणि सुमारे 25 हजार प्रेक्षकांकडून त्या घोषणा वदवून घेतल्या. वानखेडेवरचा गजर ज्याने ऐकलाय त्याला हे ऐकून मुळीच नवल वाटणार नाही. आवाजासाठी घरात जे सगळ्यात चांगलं असेल ते जोडा. टीव्हीच्या स्पीकरवर हा सिनेमा वाया जातो.

मग फरक कुठे पडतो? माझ्या मते मुख्यतः एका माणसात. फॅरामिर.

थिएटर आवृत्तीत हा पहिल्या भागातल्या बोरोमिरचा धाकटा भाऊ येतो, फ्रोडो आणि सॅमला पकडतो, अंगठीचा पत्ता लागल्यावर त्यांना ओस्गिलियाथ या पडक्या शहरात फरफटत नेतो आणि तिथे मन बदलून सोडून देतो. का नेतो? का सोडतो? डेव्हिड वेनमचा चेहरा बरंच काही सांगतो, पण पटकथा फारशी मदत करत नाही. टॉल्किनच्या 1954 च्या कादंबरीतला फॅरामिर अंगठीचा मोह सहज बाजूला सारतो, म्हणून पुस्तकप्रेमी या बदलावर आजही चिडतात. एक्स्टेंडेडमध्ये मात्र एक पूर्वप्रसंग आहे. ओस्गिलियाथ परत जिंकलंय, दोघे भाऊ हसतायत, आणि तेवढ्यात वडील येतात. डेनेथॉर थोरल्याला मिठी मारतो, धाकट्याला चारचौघांत टोचून बोलतो. अंगठी आणायला बोरोमिरला धाडायचं ठरतं. फॅरामिर म्हणतो मी जातो, तर त्याची बोळवण होते. पहिल्या भागात बोरोमिर रिव्हेंडेलला का आला होता, हेही इथे उलगडतं. हा प्रसंग पाहिला की पुढचा फॅरामिर शत्रू वाटत नाही. एकदा तरी बापाने शाब्बास म्हणावं म्हणून धडपडणारा मुलगा दिसतो, आणि शेवटी तो फ्रोडोला सोडतो तेव्हा काय सोडतोय ते कळतं. थिएटर आवृत्तीत डेनेथॉर या भागात दिसतच नाही.

मारल्या गेलेल्या परक्या सैनिकाकडे बघत फॅरामिर काही वाक्यं बोलतो, तीही फक्त लांब आवृत्तीतच. हा कुठून आला असेल, घरी राहिला असता तर बरं, अशा अर्थाची. इतक्या मारामारीच्या सिनेमात शत्रूच्या प्रेताशेजारी घटकाभर थांबणं, हे कापायला नको होतं.

घोडेस्वारांच्या रोहन राज्याच्या वाट्यालाही थोडं आलंय. राजपुत्र थिओड्रेडची अंत्ययात्रा निघते, राजाची भाची एओविन त्यांच्या भाषेत विलापगीत गाते. तोकड्या आवृत्तीत आपण थेट थडग्यापाशी पोहोचतो, राजा थिओडेन हातात फूल धरून उभा. बर्नार्ड हिल तिथेही रडवतोच, पण अंत्ययात्रा पाहून आल्यावर जास्त. एओविनने रांधलेल्या रश्शाचा प्रसंगही धमाल आहे. ॲरागॉर्न कसाबसा घोट घेतो, छान झालंय म्हणतो, ओतून टाकायला जातो तोच ती परत वळते. मग वयाचा विषय निघतो आणि गडी सत्त्याऐंशी वर्षांचा निघतो! लढाईनंतर उरलेल्या उरुक-हायचं जंगलात काय होतं, तेही इथेच कळतं.

आता दुसरी बाजू. वृक्षमानव एंट मुळातच सावकाश बोलतात, आणि लांब आवृत्तीत तर जरा जास्तच. मेरी आणि पिपिन जादूचं पाणी पिऊन उंची मोजत बसतात, ते नसतं तरी चाललं असतं. थिएटर आवृत्तीची चाल घट्ट आहे. तीन कथानकं एकमेकांना ढकलत पुढे नेतात. घरात लहान मुलं असतील, किंवा पहिला भाग बघताना कुणी दोनदा मोबाइल काढला असेल, तर 179 मिनिटंवालाच लावा. एका रात्रीत संपवायचा असेल तरीही तोच.

पहिला भाग आवडला असेल आणि शनिवार-रविवार मोकळा असेल, तर मात्र मी एक्स्टेंडेडच्या बाजूने. रोहनची राजधानी एडोरास, तिथली माणसं चंबूगबाळं घेऊन हेल्म्स डीपकडे निघतात तिथे थांबवा, जेवून घ्या, मग उरलेला बघा. आणि तिसऱ्या भागाची आवृत्तीही आत्ताच ठरवून टाका: फितूर जादूगार सारुमानचं पुढे काय झालं हे त्याच्या थिएटर आवृत्तीत नाहीच, ख्रिस्तोफर लीचे ते प्रसंग फक्त लांब आवृत्तीत आहेत, आणि ती चार तासांच्याही वर जाते.