थॉमस जेफरसनचा प्रवेश: परीक्षा की शाळानिहाय वाटा?

थॉमस जेफरसन ही अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीतली (म्हणजे जिल्ह्यातली) नावाजलेली सरकारी विज्ञान शाळा. 2020 पर्यंत 100 डॉलर फी भरून प्रवेशपरीक्षा द्यायची. निकष सगळ्यांना एकच, पण फावायचं क्लास लावणाऱ्यांचं. मुलं यायची ती बहुतेक ठरावीक शाळांमधूनच.

नव्या पद्धतीत परीक्षा गेली. प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या दीड टक्का मुलांना जागा. ग्रेड, निबंध, घरची परिस्थिती बघतात. गरीब घरची मुलं वाढली. आशियाई मुलं मात्र 73 टक्क्यांवरून 54 वर आली (भारतीय घरांतली धरून). पालक कोर्टात गेले. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

मला वाटा पटतो, परीक्षा काढणं नाही. ती प्रत्येक शाळेतच फुकट घेता आली असती. निबंधालाही शिकवणी लागतेच की!