नागरी तक्रारींचे अर्ज नेमके लिहून देणारे टंकलेखन केंद्र

रस्ता, गटार किंवा पथदिव्याची तक्रार देऊनही काम होत नसेल, तर सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) परिसरात जिल्हा न्यायालयाजवळ असलेल्या एका लहानशा टंकलेखन व झेरॉक्स केंद्राची मदत नाशिककरांनी जरूर घ्यावी. मार्च 2022 मध्ये महापालिकेतील नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतरची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधल्या काळात हक्काने गाऱ्हाणे सांगावे असे प्रभागात कोणी उरले नव्हते, आणि अर्ज कसा लिहावा याचे महत्त्व आम्हाला तेव्हाच उमगले.

आमच्या कॉलनीत जलवाहिनीसाठी खोदलेला रस्ता वरवर बुजवला होता आणि पहिल्याच पावसात तो खचला. संबंधित कार्यालयाने जागेवर कोणालाही न पाठवता तक्रार निकाली काढल्याचा संदेश मोबाईलवर धाडला. रहिवाशांनी संतापून लिहिलेला लांबलचक अर्ज केंद्रचालक काकांनी शांतपणे वाचला, त्यातील विशेषणे पेन्सिलीने खोडली आणि विचारले, "खड्ड्याजवळच्या विजेच्या खांबावर नंबर काय आहे?" खांबाचा क्रमांक, खचलेल्या भागाची लांबी-रुंदी, छायाचित्राची तारीख आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक एवढाच मजकूर ठेवून त्यांनी एका पानाचा अर्ज तयार केला. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलायचे नाही, अशी ताकीदही दिली.

या केंद्राचे खरे कौशल्य माहिती अधिकाराच्या अर्जात दिसते. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लिहावा लागतो आणि त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. "रस्ता का केला नाही?" असा जाब अर्जात विचारण्याऐवजी काकांनी त्या कामाचा कार्यारंभ आदेश, झालेल्या कामाची मापे लिहिलेल्या मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि दोषदायित्व कालावधीची नोंद यांच्या प्रती मागितल्या. दोषदायित्व कालावधीत खराब झालेले काम ठेकेदाराला स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावे लागते, आणि आमच्या रस्त्याचा तो कालावधी शिल्लक असल्याचे कागदपत्रांतून निघाले. त्या प्रती जोडून पुन्हा अर्ज दिल्यावर ठेकेदाराची माणसे आली, खचलेला भाग उकरून खडी दाबली आणि वर डांबर टाकले. 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात जागोजागी खोदकाम होत असताना प्रत्येक सोसायटीने आपापल्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख मिळवून ठेवली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

30 दिवसांत माहिती मिळाली नाही, तर पुढील 30 दिवसांत करायचे प्रथम अपील, तसेच दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या लोकशाही दिनाचे अर्जही येथे लिहून मिळतात; लोकशाही दिनाचा अर्ज मात्र 15 दिवस आधी द्यावा लागतो.

उणिवाही आहेत. दरपत्रक लावलेले नाही, बसायला जागा नाही आणि न्यायालयाच्या वेळेत पक्षकारांची गर्दी इतकी असते की नागरी तक्रारीसाठी आलेल्या माणसाला बराच वेळ ताटकळावे लागते. घेतलेले पैसे मात्र वाजवी वाटले. टंकलिखित मजकूर सही करण्यापूर्वी स्वतः वाचावा, कारण घाईत सर्वे नंबर चुकू शकतो. जाताना छायाचित्रांच्या छापील प्रती आणि जुन्या तक्रारीची पोहोच सोबत न्यावी.