झाकण मिटल्यावरचा प्रश्न: गेमिंगसाठी विंडोज की लिनक्स

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, नवीन लॅपटॉप घेतोय. गेम खेळायला विंडोजच राहू देऊ, की तुझ्यासारखं लिनक्स टाकू?" फोनवर त्याला जे घाईघाईत सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहितो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. मॅक आधीच बाजूला काढून ठेवतो. घरात असेल तर त्यावर जे चालतं ते खुशाल खेळा, पण गेमसाठी म्हणून मॅक घेऊ नका.

"लिनक्सवर गेम चालत नाहीत" हे वाक्य आता जुनं झालं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने 2018 मध्ये त्यात प्रोटॉन आणलं. विंडोजसाठी लिहिलेला गेम डायरेक्टएक्समधून, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेत, जे मागतो, ते प्रोटॉन चालता चालता व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या भाषेत बदलून देतं. 2022 मध्ये आलेला व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक मुळातच लिनक्सवर चालतो, त्यामुळे गेम बनवणाऱ्यांनाही तिकडे दुर्लक्ष करून भागत नाही. माझा लॅपटॉप साधा आहे: रायझन, 16 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. त्यावर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी, हेडीस, स्टारड्यू व्हॅली हे सगळं मी दोन्हीकडे खेळलोय. एल्डन रिंग सगळ्या सेटिंग्ज खाली ओढून खेळलो. फ्रेम मोजत बसायची मला सवय नाही. पण डोळे बांधून बसवलं असतं आणि गेम सुरू झाल्यावर पट्टी सोडली असती, तर मी कुठल्या सिस्टिमवर आहे हे मला सांगता आलं नसतं.

लिनक्सची खरी अडचण वेगळी आहे, अँटीचीटची, म्हणजे ऑनलाइन गेममध्ये फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, फोर्टनाइट चालत नाही. एपेक्स लेजंड्स चालायचा, 2024 च्या अखेरीस तोही बंद केला. त्याच वर्षी जीटीए ऑनलाइनमध्ये बॅटलआय हे अँटीचीट आलं आणि लिनक्सवाले बाहेर पडले. यात तांत्रिक अडचण कमी आणि इच्छेचा भाग जास्त, कारण बॅटलआय आणि ईझी अँटीचीट या दोघांनीही 2021 पासून प्रोटॉनसाठी दार उघडलेलं आहे. कडी काढायची की नाही हे गेमवाल्यांच्या हातात. काउंटर स्ट्राइक 2 आणि डोटा 2 मात्र थेट लिनक्सवर चालतात. तेव्हा तुमची रोजची टोळी लिनक्सवर न चालणाऱ्यांपैकी एखादा गेम खेळत असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. विंडोज ठेवा.

माझी टोळी नाही. मला दीड वर्षाची मुलगी आहे. ती झोपली की माझा खेळ सुरू होतो आणि कधी संपेल हे तीच ठरवते. कधी चाळीस मिनिटं मिळतात, कधी बारा. आतून "ऊं" ऐकू आलं की हातातलं तसंच टाकून उठायचं. सेव्ह पॉइंट गाठायला वेळ नसतो. एल्डन रिंगला तर पॉजच नाही. मी ऑफलाइन खेळतो, त्यामुळे माझा पॉज म्हणजे लॅपटॉपचं झाकण. लॅपटॉपवर गेम खेळण्यातला हाच तर फायदा आहे ना?

विंडोजवर झाकण मिटायचं, उघडायचं, गेम तिथल्या तिथे. तक्रार नव्हती. पण एका रात्री अडीचला पंखा सुरू झाला. टेबलावर, मिटलेल्या लॅपटॉपचा. पाळण्यापासून चार फुटांवर. मुलगी उठली, आई उठली, आणि मला जे ऐकावं लागलं ते इथे देत नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच. नव्या बऱ्याच लॅपटॉपमधून जुनी गाढ झोप कंपन्यांनी काढूनच टाकली आहे. त्याजागी असतं मॉडर्न स्टँडबाय: पडदा बंद, पण आत फोनसारखं अर्धवट जागं. कोण जागं ठेवतंय हे पाहायला विंडोजमध्येच चांगली सोय आहे. अ‍ॅडमिन म्हणून टर्मिनल उघडून powercfg /sleepstudy असं दिलं की अख्खा अहवाल तयार होतो. माझ्या अहवालात सगळ्यात वर होतं लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप. कंपनीचं नाव सांगत नाही. अ‍ॅप काढून टाकावं, तर पंख्याचा वेग बदलायची सोयही त्याच्यासोबत जाते. ठेवावं, तर रात्री जागरण. हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद, करून पाहिलं, पण बारा मिनिटांच्या खेळात लॅपटॉप उठायची वाट कोण बघत बसणार?

त्याच लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. झोपेचा प्रकार तोच, कारण लॅपटॉपमध्ये दुसरा नाहीच. पण तिथे ते अ‍ॅपच नाही, आणि रात्री उठून परस्पर कामं करायची सवयही कुणाला नाही. झाकण मिटलं की शांत. सकाळी बॅटरी आठ-दहा टक्के उतरलेली असते, तेवढं मी चालवून घेतो. पंख्यासाठी मेनूत काटकसर, मध्यम आणि जोरदार असे तीन पर्याय मिळतात, मला तेवढे पुरतात.

सगळं गोड नाही. स्टीम गेम सुरू होण्याआधी मध्येच "व्हल्कन शेडर्स" (चित्र रंगवायचे छोटे प्रोग्रॅम) तयार करत बसतं आणि माझ्या बारांतली चार मिनिटं खातं. ते वगळता येतं, पण मग गेम अधूनमधून अडखळतो. मायक्रोसॉफ्टच्या पीसी गेम पास या वर्गणीतले गेम लिनक्सवर इन्स्टॉल होत नाहीत. एपिक आणि जीओजी या दुसऱ्या दुकानांतले गेम हिरोइक नावाच्या लाँचरमधून चालतात, पण ती थोडी खटपट आहे. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर लिनक्सच्या प्रकारांपैकी बाझाइट किंवा पॉप ओएससारखं, त्या कार्डासाठी वेगळी आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) देणारं काहीतरी घ्या. आणि दोन्ही सिस्टिम ठेवणार असाल तर गेमची लायब्ररी एकाच एनटीएफएस पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या विंडोजच्या पद्धतीने आखलेल्या भागावर, ठेवून दोन्हीकडून वापरायचा मोह टाळा. प्रोटॉन स्वतःच्या फोल्डरमध्ये "सी" आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं अशा नावाच्या लिंक बनवतं, आणि ती टिंबं विंडोजला फाइलच्या नावात चालत नाहीत. जागा वाचवायला गेलो आणि एक आख्खा रविवार कॉपी करण्यात घालवला.

ठरवण्याआधी प्रोटॉनडीबीवर आपले पाच-सहा गेम तपासा. तिथे लोकांनी कुठला गेम कसा चालला ते लिहिलेलं असतं. प्लॅटिनम किंवा गोल्ड असा शेरा दिसला तर लिनक्स निर्धास्त टाका.

भाच्याला मात्र मी विंडोजच ठेव म्हणालो. तो व्हॅलोरंट खेळतो, आणि रात्री अडीचला त्याच्या लॅपटॉपचं झाकण मिटलेलंच नसतं.